सहा उघड्या, सहा झाकलेल्या

राकसकोपच्या जॅकवेलवर माझी ड्युटी.
पाणी इथनं हिंडलग्याला, तिथनं बेळगावला.
चोवीस वर्षं मी पाणी वर चढवलो,
पाण्यात कोण राहतंय, कधी विचारलो नाही.

मग शिवलीला आली, बैलहोंगलची,
पाठीवर पिशवी, पिशवीत बारा बाटल्या.
तिचं मराठी अर्धं, माझं कन्नड अर्धं,
दोन्ही मिळून एक बोलणं होतंय.
सहा बाटल्या उघड्याच ठेवली,
सहांना चपाती गुंडाळायचा चंदेरी कागद लावली,
आणि नायलॉनच्या दोरीनं हातभर खोल सोडली.
"काका, म्हशी येऊ देऊ नका."

काय आहे गं त्यात?
"जंतू."
ते नळात सापडले की आमचा साहेब मेमो देतोय.
हसली. हे वेगळे, म्हणाली.
यांच्या सालीत एक प्रथिन असतंय,
सात वेळा आत-बाहेर शिवलेलं, वाकळेच्या दोऱ्यासारखं,
आणि टाक्यांच्या मधोमध एक कण,
गाजरातल्या रंगाचा नातेवाईक.
उजेड पडला की तो वाकतो.
वाकला की एक प्रोटॉन बाहेर.
परत सरळ. परत वाकडा.

"म्हणजे पंप," मी म्हटलो.
"पंपच!" म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडं
शिकलेल्या माणसाकडं बघावं तशी बघितली.

माझ्या पंपाला थ्री फेज लागते. यांना?
"सूर्य."
मीटर?
"इल्ला."
मग वीजवाल्यांना कळवू नको, म्हटलो.

पण एवढा पंप मारून हे करतात काय,
ते तिलाबी नक्की ठाऊक नाही.
उपास पडला तर तग धरत असावेत.
शेपटीला जोर मिळत असावा.
काहींचा तर पंप नव्हेच, तो डोळा,
उजेड कुठं आहे बघायचं आणि तिकडं सरकायचं, बस.
आणि काहींना म्हणे तो कण स्वतः करता येत नाही,
शेजाऱ्याकडनं आणत असावेत, विरजणासारखा.
तिच्या वहीत पानोपानी असावं, असावं.
आमच्या लॉगबुकात ते चालत नाही.
चालू. बंद. किती वाजता.

जाताना म्हणाली, तसलाच कण आपल्या डोळ्यात.
मला बाळाक्का आठवली, माझी थोरली.
दिवे लागले की भिंत धरून चालायची,
ताटातली भाकरी चाचपायची.
नंतर दिसायला लागलं. डॉक्टरच्या गोळ्यांनी
का कडोलीच्या गाजरांनी, कोण सांगणार.

त्या रात्री दोन दहाला लाईट गेली.
पंप थांबला की कानात एक खड्डा पडतो,
मग हळूहळू बेडकं भरून काढतात.
काठावर जाऊन बसलो.
वर अवसेचं आभाळ, खाली दोरी,
उघड्या सहा आणि झाकलेल्या सहा
आत्ता सारख्याच.
त्यांचाबी पंप बंद, माझाबी.
कुणाला फोन लावणार ते?

काय वाटलं की. खिशातनं बॅटरी काढलो,
उघड्या बाटल्यांवर मारलो.
हिरवट पाणी. एक बारीक खेकडा. दुसरं काही नाही.
मग छातीत धस्स झालं, पोरीचा प्रयोग नासवलो!
विझवलो. पण पडलेला उजेड
परत कसा घेणार?

लॉगबुकात लिहिलो:
२.१० बंद. २.४० बॅटरी, अर्धा मिनिट, बाटल्यांवर.
४.०५ चालू.

शिवलीला आली तेव्हा पान पुढं केलो.
रागावली नाही. आकडा वहीत उतरवून घेतली,
अर्धा मिनिट, खाली रेघ मारून.
"याके, काका? कशाला मारलात?"

ठाऊक नाही गं, म्हटलो.
ते वळून बघतात का,
बघायचं असावं.